दीड पान आणि तीन ओळी

जिल्हा न्यायालयाच्या आवारात, बहुधा मागच्या अंगाला, ‘मध्यस्थी केंद्र’ अशी पाटी असलेली एक खोली असते. आत न्यायाधीशाचं उंच आसन नाही, साक्षीदाराचा पिंजरा नाही, नावाचा पुकारा करणारा शिपाई नाही. एक टेबल, चार-सहा खुर्च्या, पाण्याच्या बाटल्या. टेबलाशी दोन भाऊ बसले आहेत. भांडण सामाईक विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून सुरू झालं आणि बांधापर्यंत गेलं. दाव्याला आता सात वर्षं झाली. थोरला निवृत्त शिक्षक. सातबारा, फेरफार, मोजणीचा नकाशा अशी सगळी कागदपत्रं तारखेवार लावलेली फाइल त्याने टेबलाच्या कडेला समांतर ठेवली आहे. धाकट्याच्या हातात फक्त टोपी.

थोरला पंचवीस मिनिटं बोलतो, आवाज न चढवता. धाकटा मधेच दोनदा उसळतो, ‘‘समदं खोटं हाय मॅडम!’’ त्याची पाळी येते तेव्हा तो भावाच्या एकेका मुद्द्यावर ‘तसं नव्हतं, तसं नव्हतं’ करत राहतो आणि सहा मिनिटांत दमून गप्प बसतो. मध्यस्थ बाई वहीकडे बघतात. थोरल्याच्या नावाखाली दीड पान भरलंय. धाकट्याच्या नावाखाली तीन ओळी, आणि त्यातल्या एका ओळीत एकच शब्द: ‘तापट’.

मध्यस्थीतलं बोलणं गोपनीय असतं, म्हणून हा प्रसंग कुणा एका घरचा नाही; अशा खोल्यांत जे होत असतं त्यावरून मी तो मांडला आहे. पण ती वही मला सोडत नाही. या बाईंनी कुणाची बाजू घेतलेली नाही. दोघांना त्यांनी सारख्याच आदराने बसवलं, पाणी विचारलं, नियम समजावून सांगितले. आपण नि:पक्ष आहोत असं त्यांना मनापासून वाटतं. मग पेनाने बाजू कधी घेतली?

मध्यस्थाचं काम न्यायाधीशापेक्षा आणि लवादापेक्षा अगदी वेगळं. न्यायाधीश निकाल देतो, लवाद निवाडा देतो. मध्यस्थाला यातलं काहीच देता येत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ८९ सुधारित रूपात २००२ पासून अमलात आलं, २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मध्यस्थीसाठी समिती नेमली, ४० तासांचं प्रशिक्षण ठरलं, २०२३ साली संसदेने स्वतंत्र मध्यस्थी कायदा केला. या सगळ्यात एक गोष्ट कायम राहिली: तोडगा पक्षकारांचा, मध्यस्थाने तो लादायचा नाही. म्हणजे या माणसाकडे अधिकार नाही, शिक्षा नाही, हुकूम नाही. आहे ती एकच पुंजी, दोन्ही बाजूंचा विश्वास. हा माणूस माझंही तितकंच ऐकतोय, एवढंच दोघांना वाटलं पाहिजे. तटस्थपणा हा त्याच्या कामातला एक गुण नव्हे, तेच त्याचं हत्यार आहे. आणि ते हत्यार त्याच्या मनात असल्यामुळे गंज चढला तरी दिसत नाही.

१९९१ साली सारा कॉब आणि जॅनेट रिफ्किन या अमेरिकी अभ्यासकांनी मध्यस्थीच्या बैठका बारकाईने तपासल्या. ‘तटस्थ’ म्हणवणाऱ्या बैठकीत प्रत्यक्षात काय घडतं, हे त्यांना बघायचं होतं. त्यांच्या हाती लागलेली गोष्ट मी पहिल्यांदा वाचली तेव्हा थोडा वेळ पुढे वाचवेना. जो पहिल्यांदा बोलतो, त्याची गोष्ट बैठकीची चौकट होऊन बसते. दुसरा माणूस मग स्वतःची गोष्ट सांगतच नाही. तो पहिल्याच्या गोष्टीला उत्तरं देत राहतो. पहिल्याच्या गोष्टीत त्याला खलनायकाची जागा मिळालेली असते आणि तो त्याच जागेवर उभा राहून ‘मी तसा नाही’ म्हणत असतो. मध्यस्थ सभ्यपणे, कसलाही वाईट हेतू न ठेवता, पहिल्याच्या गोष्टीतूनच प्रश्न विचारत जातो. ‘‘तुम्ही विहिरीवरची मोटार का बंद केलीत?’’ हा धाकट्याला विचारलेला प्रश्न वरवर किती निरुपद्रवी! पण तो थोरल्याच्या गोष्टीतला प्रश्न आहे. धाकट्याच्या गोष्टीची सुरुवात मोटारीपासून नसेलच कदाचित. ती आईच्या आजारपणापासून असेल, किंवा थोरला शिकायला शहरात गेला आणि धाकट्याला शाळा सोडून नांगर धरावा लागला त्या वर्षापासून. ती सुरुवात कुणी विचारलीच नाही.

कोण आधी बोललं एवढ्यावरूनही तराजू कलतो. त्यात भाषा आली, कपडे आले, फाइल आली. आणि मध्यस्थाचं स्वतःचं आयुष्य आलं. समोरच्या पुरुषाचा आवाज चढला की बाईंच्या मानेत काहीतरी आवळतं, कारण लहानपणी घरी असाच आवाज चढायचा. मान आवळते, श्वास वर येतो, नजर कागदाकडे वळते, हात लिहायचा थांबतो. ‘हा माणूस आक्रस्ताळा आहे’ हे मत या सगळ्यानंतर येतं, आणि येतं ते विचारपूर्वक बनवलेल्या मताच्या थाटात. बाजू आधी शरीराने घेतलेली असते. मन मागाहून येऊन त्यावर सही करतं.

आता तो मधला क्षण पकडायचा कसा?

१९७९ साली अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात जॉन कबाट-झिन यांनी जुनाट दुखण्यांच्या रुग्णांसाठी एक वर्ग सुरू केला. औषधांनी जे दुखणं जात नव्हतं त्याच्याकडे बघायला शिकवणारा हा वर्ग. तिथून ‘माइंडफुलनेस’ हा शब्द दवाखान्यांत, शाळांत, कंपन्यांत आणि पुढे कायद्याच्या महाविद्यालयांतही गेला. मूळ पाली शब्द ‘सति’, म्हणजे आपली स्मृती. आठवण कसली ठेवायची? तर आत्ता जे चाललंय त्याची. मराठीत याला ‘सजगता’ म्हणतात, पण मला आपला घरचा शब्द जास्त जवळचा वाटतो: भान. भान असतं, सुटतं, हरपतं, आणि माणूस भानावर येतो. ध्यानाच्या बैठकीत तासभर जे घडतं ते सगळं या चार क्रियापदांत आहे.

करून बघा. हे वाचता वाचताच करता येईल. वरचा ओठ आणि नाकपुड्या यांच्या मधल्या चिमूटभर जागेकडे लक्ष न्या. श्वास आत येताना तिथे किंचित गार लागतं, बाहेर जाताना किंचित कोमट. श्वास बदलायचा नाही, मोजायचा नाही. फक्त तो आला-गेला हे कळू द्यायचं. इगतपुरीच्या धम्मगिरीवर दहा दिवसांच्या शिबिराला गेलेल्यांना ही जागा चांगली ओळखीची असेल. सत्यनारायण गोयंका ब्रह्मदेशात शिकलेली ही विद्या १९६९ मध्ये भारतात घेऊन आले, आणि तिचा पहिला धडा याच चिमूटभर जागेवर असतो. चार-पाच श्वास बरे जातील. मग तुम्ही गॅसवरच्या दुधापाशी, कालच्या भांडणापाशी, उद्याच्या हप्त्यापाशी पोचलेले असाल, आणि आपण कधी निघालो हे तुम्हाला कळलेलंच नसेल.

हे आपल्या एकट्याचं नाही. २०१० साली मॅथ्यू किलिंग्सवर्थ आणि डॅनियल गिल्बर्ट यांनी २,२५० माणसांना दिवसभरात अधूनमधून फोनवरून विचारलं, आत्ता काय करताय आणि मन कुठे आहे? ४६.९ टक्के वेळा मन हातातल्या कामावर नव्हतं. म्हणजे जवळजवळ निम्मा वेळ. आता मध्यस्थ बाईंची तीन तासांची बैठक डोळ्यांपुढे आणा. सात वर्षांचं वैर ऐकायचंय, त्यातला जवळपास निम्मा वेळ मन बाहेर. परत येताना ते रिकाम्या हाताने येत नाही, एखादं मत घेऊन येतं.

पण खरी नवलाची गोष्ट पुढची आहे. मन भटकलं हे ज्या क्षणी कळतं, त्या क्षणी ते परत आलेलंच असतं. कळणं आणि परतणं या दोन क्रिया नाहीतच. म्हणून सराव हा भटकू नये यासाठी नसतो, कळायला लागणारा वेळ कमी व्हावा यासाठी असतो. सुरुवातीला दहा मिनिटांनी कळतं, मग दोन मिनिटांनी, मग कधीतरी मन उंबऱ्यावर असतानाच. मध्यस्थाला हवा आहे तो हाच उंबऱ्यावरचा क्षण. मान आवळली, हे मत बनायच्या आत कळलं, तर हात पुन्हा लिहू लागतो.

नुसतं ‘हा राग आहे’ असं मनाशी म्हटल्यानेही फरक पडतो. २००७ साली मॅथ्यू लिबरमन यांच्या गटाने लोकांना रागावलेले, घाबरलेले चेहरे दाखवत मेंदूची छायाचित्रं घेतली. चेहऱ्यावरच्या भावनेला शब्द द्यायला सांगितलं की मेंदूतला अमिग्डाला, म्हणजे धोक्याची घंटा वाजवणारा बदामाएवढा भाग, कमी पेटत होता. कुशल मध्यस्थ हे दोन्हीकडे करतो. स्वतःशी म्हणतो, ‘मान आवळली.’ धाकट्याला म्हणतो, ‘‘तुमचं कुणी ऐकलंच नाही असं वाटतंय का?’’ आणि समोरचा माणूस खुर्चीत जरा मागे टेकतो.

इंग्रजीत मध्यस्थी आणि ध्यान या दोन शब्दांत एका अक्षराचा फरक आहे, आणि तिथले लोक त्यावर हमखास कोटी करतात. मराठीत तशी कोटी होत नाही. पण पालीत गेलं की वेगळंच काही सापडतं, आणि या विषयात मला सगळ्यात जास्त थक्क केलं ते त्याने.

पाचव्या शतकात श्रीलंकेत अनुराधपुरच्या महाविहारात बुद्धघोषांनी ‘विसुद्धिमग्ग’ लिहिला. ध्यानाचं एवढं तपशीलवार पुस्तक क्वचितच असेल. मन कुठे कसं घसरतं याची त्यात बारीक नोंद आहे. मैत्री, करुणा, मुदिता आणि उपेक्षा या चार भावना त्यात क्रमाने येतात. पतंजलीच्या योगसूत्रांतही हीच चौकडी आहे. त्यातली चौथी, ‘उपेक्खा’, म्हणजे मनाचा समतोल. आणि या समतोलाला अभिधम्मात, म्हणजे बौद्धांच्या मानसशास्त्रात, जे पारिभाषिक नाव आहे ते असं: ‘तत्रमज्झत्तता’. शब्द फोडून बघा. तत्र, म्हणजे तिथे. मज्झत्त, म्हणजे मध्यस्थ. तिथल्या तिथे मध्यस्थ असणं! मनाच्या समतोलाला नाव द्यायची वेळ आली तेव्हा त्या लोकांना मध्यस्थच आठवला. त्यासाठी दिलेली उपमाही सुंदर आहे: उमदे घोडे सारख्या चालीने धावत असताना सारथी जसा त्यांच्याकडे बघतो तसं. लगाम हातात आहे, नजर घोड्यांवर आहे, ओढाताण नाही. तो झोपलेला नाही आणि रथातून उतरूनही गेलेला नाही.

या ग्रंथाशी आपलं एक जवळचं नातं आहे. गोव्यातल्या साखवाळचे धर्मानंद कोसंबी घर सोडून पुणे, काशी, नेपाळ करत श्रीलंकेत पोचले ते पाली शिकायला. पुढे १९१० मध्ये ते पहिल्यांदा हार्वर्डला गेले, ते विसुद्धिमग्गाच्या संपादनासाठी. हेन्री क्लार्क वॉरन यांनी हाती घेतलेलं हे काम त्यांच्या मृत्यूमुळे अर्धवट राहिलं होतं. १९५० साली ते पुस्तक हार्वर्डच्या प्राच्य ग्रंथमालेत निघालं. कोसंबी १९४७ मध्येच गेले होते. एका कोकणच्या माणसाने आयुष्याची कितीतरी वर्षं ज्या पानांवर घालवली, त्या पानांत मध्यस्थाचं मन इतकं उलगडून ठेवलं आहे, आणि मध्यस्थी केंद्राच्या खोलीत त्याची फारशी वार्ता नाही. मला याची फार चुटपुट लागते.

त्याच ग्रंथात एक कसोटी आहे. समजा, एक भिक्षू चौघांत बसला आहे: एक त्याच्या आवडीचा माणूस, एक ना आवडीचा ना नावडीचा, एक वैरी, आणि चौथा तो स्वतः. दरोडेखोर येतात आणि म्हणतात, बळी द्यायला एक जण हवा, कोणाला नेऊ? ‘याला न्या’ असं त्याच्या मनात आलं, तर त्याच्या मनातल्या सीमा अजून मोडलेल्या नाहीत. इथवर आपल्याला पटतं. पण बुद्धघोष पुढे म्हणतात, ‘मला न्या, या तिघांना सोडा’ असं वाटलं तरीसुद्धा सीमा मोडलेल्या नाहीत. चौघांपैकी देण्याजोगा कुणीच दिसला नाही, तरच सीमा मोडल्या. याला त्यांनी ‘सीमासंभेद’ म्हटलं आहे.

दुसऱ्या उत्तराला नापास करणं ही गोष्ट मी कितीदा तरी मनात घोळवली आहे. आपण तर त्याला त्याग म्हणून डोक्यावर घेतलं असतं. पण मध्यस्थांच्या कामाकडे पाहिलं की त्याचा अर्थ लागतो. कितीतरी मध्यस्थ स्वतःला पुसून टाकायला जातात. मला मत नाही, मला राग येत नाही, मी फक्त भिंत आहे, असं ते मनाला बजावत राहतात. राग येतोच. पण त्याला खोलीत जागाच दिलेली नसते, त्यामुळे तो वहीत उतरतो. चौघांत स्वतःला धरायचं याचा अर्थ माझी आवळलेली मानही या खोलीत आहे हे मान्य करायचं, आणि तिचंही ऐकून घ्यायचं.

बुद्धघोषांनी प्रत्येक भावनेचे दोन शत्रू सांगितले आहेत, एक दूरचा आणि एक जवळचा. उपेक्षेचे दूरचे शत्रू म्हणजे आसक्ती आणि द्वेष. ते लांबून ओळखू येतात. जवळचा शत्रू मात्र उपेक्षेसारखाच दिसतो, तिच्याच कपड्यांत घरात शिरतो. तो म्हणजे अज्ञानातून आलेली बेफिकिरी: मला काय त्याचं. आता आपल्या मराठीचं बघा. ‘उप’ म्हणजे जवळ आणि ‘ईक्ष्’ म्हणजे पाहणं, या दोहोंपासून हा शब्द झाला. पण आज ‘त्याची उपेक्षा झाली’ म्हणजे त्याच्याकडे कुणी पाहिलं नाही. जवळच्या शत्रूने शब्दच गिळला! संस्कृतातच या शब्दाला दोन्ही छटा होत्या, पण आपण ठेवली ती नेमकी दुर्लक्षाची. मध्यस्थाच्या खोलीत हा शत्रू रोज हजर असतो. दोघांपासून सारख्याच अंतरावर, सारखाच कोरडा, घड्याळाकडे बघत बसलेला माणूस नि:पक्ष वाटतो. त्याने कुणावर अन्याय केलेला नसतो, कारण त्याने कुणाला पाहिलेलंच नसतं.

अमेरिकेत ध्यान आणि मध्यस्थी हे धागे जोडले ते लेनर्ड रिस्किन या कायद्याच्या प्राध्यापकाने. मध्यस्थीच्या पद्धतींचं त्यांनी केलेलं वर्गीकरण जगभर शिकवलं जातं. २००२ साली त्यांनी हार्वर्डच्या वाटाघाटीविषयक नियतकालिकात ध्यान करणाऱ्या वकिलांवर दीर्घ लेख लिहिला, आणि पुढे वकील-मध्यस्थांना श्वासाकडे लक्ष द्यायला शिकवणं हा थट्टेचा विषय राहिला नाही. पूर्वग्रहांवर प्रयोगही झाले. ॲडम लुएक आणि ब्रायन गिब्सन यांनी काही विद्यार्थ्यांना १० मिनिटांची ध्यानाची ध्वनिफीत ऐकवली, काहींना दुसऱ्या विषयावरची. मग वंश आणि वय यांविषयीचे नकळतचे पूर्वग्रह मोजणारी चाचणी घेतली. ध्यानाची फीत ऐकलेल्यांत ते कमी दिसले. हा निष्कर्ष मोलाचा आहे, पण तो संगणकावरच्या कळा दाबायच्या वेगातून काढलेला, विद्यार्थ्यांवरचा आणि एका बैठकीपुरता आहे. दहा मिनिटं डोळे मिटले की माणूस नि:पक्ष होतो, असं जो कोणी विकत असेल त्याच्यापासून चार हात लांब राहावं.

शिवाय तटस्थपणा एकट्या मध्यस्थाच्या मनात पुरा होत नाही. ८ मार्च २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अयोध्येच्या वादात तिघांची मध्यस्थ समिती नेमली: निवृत्त न्यायमूर्ती कलिफुल्ला, मध्यस्थीतले जाणकार वकील श्रीराम पंचू आणि श्री श्री रविशंकर. ध्यान शिकवण्यात आयुष्य घातलेला माणूस त्यात होता, आणि नेमका त्याच्याच नावावर, या वादाबद्दलच्या आधीच्या जाहीर वक्तव्यांकडे बोट दाखवून, आक्षेप घेतले गेले. समेट झाला नाही. ९ नोव्हेंबरला निकाल आला. कुणाचं मन आतून किती शांत होतं याचा तिथे प्रश्नच नव्हता. टेबलाच्या पलीकडून काय दिसतं, हाही तटस्थपणाचा अर्धा भाग आहे.

आणि विहिरीच्या भांडणात तो अर्धा भाग धाकट्याच्या डोळ्यांत आहे. सहा मिनिटं बोलून तो गप्प झाला तेव्हा बाईंचं पेन कधीच थांबलं होतं, हे त्याने पाहिलं होतं.

बाई वहीकडे बघतात. दीड पान, तीन ओळी, ‘तापट’. एक श्वास आत, एक बाहेर. मान अजून आवळलेलीच आहे. ती सोडवायची खटपट त्या करत नाहीत. पान उलटतात. कोऱ्या पानावर, वर मधोमध, धाकट्याचं नाव लिहितात.

‘‘काका,’’ त्या म्हणतात, ‘‘मोटारीचं राहू द्या. विहीर खणली तेव्हा तुम्ही केवढे होता?’’

धाकटा टोपी टेबलावर ठेवतो. ‘‘म्या? म्या तवा सातवीत व्हतो मॅडम. शाळा सुटली ती त्याच वर्साला.’’

थोरला फाइलवरून हात काढतो आणि पहिल्यांदाच भावाकडे बघतो.